पहाटे आखडणारी कंबर

आषाढ लागला की वैनगंगेच्या दोन्ही काठांवर धानाची रोवणी सुरू होते. पवनीच्या जुन्या परकोटाबाहेर थोडे चालत गेले की बांधीबांधीतून ओळीने वाकलेल्या बायका दिसतात. गुडघाभर चिखल, एका हातात पऱ्ह्यांची जुडी, आणि दिवसाचे आठ-आठ तास कमरेत काटकोन. रात्री घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "कंबर धरली." गावात माग चालतो त्या घरांतही हेच. खड्ड्यात पाय सोडून मागावर ओणवे बसणाऱ्या विणकराची पाठ दिवसअखेर त्याला आपली आठवण करून देतेच.

जेथे सगळ्यांचीच कंबर दुखते तेथे एखाद्याच्या वेगळ्या कंबरदुखीकडे कोण लक्ष देणार? या लेखाचा विषय हाच आहे. कंबरदुखीची एक जात अशी आहे की ती कष्टाने येत नाही आणि विश्रांतीने जात नाही. ती बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात, म्हणजे तुमच्या आणि तुमच्या थोरल्या भावंडांच्या वयात, हळूच शिरते. ओळखली नाही तर काही वर्षांनी पाठीचे मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकते. तिचे नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. नाव अवघड असले तरी ओळखण्याच्या खुणा अवघड नाहीत. मी भौतिकशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. पण या खुणांमध्ये घड्याळ, टेप आणि थोडे गणित एवढ्यांचाच उपयोग आहे, म्हणून हा विषय आपल्या आवाक्यातला वाटतो.

आधी साधी कंबरदुखी समजून घेऊ. तरफेचा नियम तुम्ही शिकला आहात. पन्नास किलो वजनाची बाई रोवणीसाठी आडवी वाकली, तर तिच्या कमरेवरच्या भागाचे, म्हणजे डोके, हात आणि धड यांचे मिळून वजन सुमारे ३० किलो धरू. या भाराचा मध्य कमरेच्या टेकूपासून अदमासे ३० सेंटिमीटर पुढे असतो. हा भार तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र टेकूपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर आहेत. आता हिशेब करा. ३० गुणिले ३०, भागिले ५. स्नायूंना १८० किलो वजनाएवढी ओढ लावावी लागते! म्हणजे काहीही न उचलता, नुसते वाकून राहिल्यानेच, कमरेच्या स्नायूंवर जवळजवळ दोन क्विंटलचा ताण. मग त्या दुखल्या तर नवल काय? पण भार उतरवला, अंग टेकले, रात्रभर झोप झाली की हे दुखणे निवळते. भाराने आलेले दुखणे भार गेल्यावर जाते. येथे कारण आणि परिणाम यांचा सरळ संबंध आहे.

दुसऱ्या जातीत हा संबंध उलटा होतो. माणूस रात्री ठीक झोपतो. पहाटे तीन-चारच्या सुमाराला कमरेतील दुखण्याने जाग येते. कूस बदलायची तर हातांनी खाटेची पाटी धरावी लागते. उठून आवारात चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते. सकाळी अंग लाकडासारखे ताठ, तोंड धुवायला वाकणे नको वाटते; अर्धा तास, एक तास, कधी दोन तास हा ताठरपणा टिकतो आणि हालचालीबरोबर विरघळतो. दुपारी तोच मुलगा चांगला चालतो, संध्याकाळी कबड्डीही खेळतो. बसून राहिला की पुन्हा आखडतो. भार दिल्याने सुटते आणि भार काढल्याने वाढते, असे हे दुखणे आहे.

असे का व्हावे? या रोगाचे मूळ दाहात आहे. आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा जंतूंशी लढताना जी रसायने सोडते, तीच येथे कारण नसताना सांध्यांच्या कडेला सुटतात. जेथे स्नायूची कंडरा किंवा हाडांना बांधणारा अस्थिबंध हाडात रुजतो, ती जोडाची जागा या दाहाची आवडती. तेथे पाणी साचते, सूज येते. हालचाल थांबली की ही सूज बसून राहते. शिवाय शरीरात दाह शमवणारे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते आणि उजाडता उजाडता वाढते. त्यामुळे रात्रीचा उत्तरार्ध अशा रुग्णाला जड जातो.

नावातील गोंधळ

'स्पाँडिलायटिस' हा शब्द आपल्याकडे भलताच प्रसिद्ध आहे. कारकुनापासून शिक्षकापर्यंत दर तिसरा मनुष्य "मला मानेचा स्पाँडिलायटिस आहे" असे सांगतो आणि गळपट्टा दाखवतो. बहुतेकदा त्यांना म्हणायचे असते स्पाँडिलोसिस. शेवटच्या दोन अक्षरांनी अर्थ पार बदलतो. ग्रीक भाषेत 'स्पाँडिलोस' म्हणजे मणका. 'आयटिस' हा प्रत्यय दाह दाखवतो, जसा टॉन्सिलायटिसमध्ये. 'ओसिस' या प्रत्ययाने येथे झीज सुचवली जाते. झीज वयाबरोबर येते, चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मणक्यांत थोडीफार असतेच. दाह मात्र तरुणपणी येतो. 'अँकिलोस' म्हणजे वाकलेला, आखडलेला. वाकवून ताठ करणारा मणक्यांचा दाह, असा नावाचा सरळ अर्थ. आपण याला ताठ कण्याचा रोग म्हणू.

रोग सुरू होतो तो कमरेच्या बराच खाली. कमरेखाली, पाठीच्या दोन बाजूंना त्वचेवर दोन लहान खळ्या असतात, त्या चाचपून पाहा. त्यांच्या खाली माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी आणि कटीचे रुंद हाड यांचा सांधा आहे. हा सांधा जेमतेम एक-दोन अंश हलतो. त्याचे काम धडाचे वजन पायांकडे पोचवण्याचे. दाह बहुधा येथे प्रथम येतो. म्हणून दुखणे कमरेपेक्षा कुल्ल्यात, आत खोल, जाणवते आणि आज उजवीकडे तर पंधरा दिवसांनी डावीकडे अशी बाजू बदलते. ही बाजूबदल फार बोलकी खूण आहे, आणि नेमकी हीच रुग्ण सांगत नाही, कारण ते सांगायला त्याला संकोच वाटतो.

दाहानंतर शरीर दुरुस्तीला लागते, आणि येथे दुरुस्तीच महागात पडते. जोडाच्या जागी नवे हाड तयार होते. वरच्या मणक्याच्या कडेपासून खालच्या मणक्याच्या कडेपर्यंत हाडाचा बारीक पूल उभा राहतो. असे पूल सगळीकडे झाले की क्ष-किरण चित्रात कणा बांबूसारखा दिसतो, पेरापेरांवर फुगीर आणि सलग. डॉक्टर त्याला 'बांबूचा कणाच' म्हणतात. बांबू आमच्या भागात कोणाला अनोळखी नाही. पण खरा बांबू वाकतो, हा वाकत नाही. उलट असा कणा ठिसूळ असतो आणि साध्या पडण्यानेही मोडू शकतो. हे सांगताना लगेच सांगितले पाहिजे की प्रत्येक रुग्णाचा रोग या टोकाला जात नाही. अनेकांचा कमरेखालीच थांबतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्याला फ्रान्समध्ये एक सांगाडा पाहायला मिळाला. त्यात कटीचे हाड, त्रिकास्थी, कमरेचे पाचही मणके, त्यांच्या वरचे दहा मणके आणि काही फासळ्या मिळून एकच अखंड हाड झाले होते. या रोगाचे हे सर्वांत जुन्या नेमक्या वर्णनांपैकी एक. त्याच्याही फार मागे जाऊन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याला हा रोग होता असे पूर्वी पुस्तकांतून छापले जाई. त्याच्या ममीची क्ष-किरण चित्रे पाहून काही तज्ज्ञांनी तसे निदान केले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सीटी तपासणीत कटीचे ते सांधे शाबूत दिसले आणि निदान बदलले. म्हातारपणी होणाऱ्या दुसऱ्याच एका विकाराने त्याचे मणके सांधले होते. तीन हजार वर्षे जुन्या रुग्णाचेही निदान सुधारता येते, मग जिवंत रुग्णाचे दहा वर्षे चुकत राहावे हे काही बरे नाही.

एका विद्यार्थ्याची हकिगत

आमच्या भागातील एक मुलगा, नाव सांगत नाही, बी.एस्सी.ला माझ्या प्रात्यक्षिकाच्या वर्गात होता. सकाळी साडेसातला प्रयोग असे. हा उशिरा येई, स्टुलावर बसत नसे, टेबलाला टेकून उभा राही. खाली पडलेले वजन उचलायचे तर कमरेतून न वाकता गुडघ्यात बसून उचली. बाराच्या सुमाराला मात्र जिना भराभर उतरे. त्यामुळे तो आळशी आहे, कामचुकार आहे असा बोलबाला झाला. घरची शेती होती, म्हणून पहिल्या वर्षी दुखण्याला रोवणीचे कारण मिळाले. मग कोणी उसण सांगितली, कोणी सायटिका. चोळून झाले, पट्टा बांधून झाला. एके ठिकाणी तीन आठवडे पडून राहण्याचा सल्ला मिळाला आणि त्या तीन आठवड्यांत तो फारच वाईट झाला. रक्त तपासले, काही निघाले नाही. क्ष-किरण चित्र काढले, "हाड ठीक आहे" असे उत्तर आले.

चौथ्या वर्षी त्याचा एक डोळा लाल झाला. चिपडे नाहीत, पण डोळा ठणकतो, उजेड सहन होत नाही, बुबुळाच्या कडेने लाली, आणि दिसते धुरकट. घरच्यांनी डोळे आले असे समजून दोन दिवस गुलाबपाणी घातले. नशिबाने तिसऱ्या दिवशी ते त्याला नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी यंत्रातून डोळा पाहिला, आणि दिवा बाजूला करून विचारले, "काय रे, तुझी कंबर दुखते का?"

"दुखते ना. पण ते वेगळं आहे, डॉक्टरसाहेब. डोळ्याचं बघा."

"केव्हा दुखते? सकाळी का संध्याकाळी?"

चार वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. पुढे नागपूरला संधिवाततज्ज्ञांकडे निदान पक्के होईपर्यंत आणखी वर्ष गेले. आज तो नोकरी करतो, रोज व्यायाम करतो, दुखणे आटोक्यात आहे. मान मात्र पूर्ण वळत नाही. मोटारसायकल चालवताना मागचे पाहायला आरसा लागतो. चार-पाच वर्षे आधी औषध सुरू झाले असते तर ती कदाचित वळली असती.

ही दिरंगाई त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेली नाही. जगभर या रोगात पहिल्या दुखण्यापासून निदानापर्यंत सरासरीने काही वर्षे जातात. मुलींच्या बाबतीत जास्तच. हा पुरुषांचा रोग असे पूर्वी शिकवले जाई, कारण क्ष-किरणात दिसणारा बांबूचा कणा पुरुषांत अधिक आढळतो. आता सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्ण सापडू लागले तेव्हा त्यांत स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ पुरुषांइतके निघाले. मुलगी कंबर दुखते म्हणाली की घरात त्याला भलतीच कारणे चिकटवली जातात, ही गोष्ट शिक्षिकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

डोळ्याची ती खूणही नीट लक्षात ठेवा. डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही लाल होतात, चिकट पाणी येते, खाज सुटते. या रोगात एकच डोळा, ठणका आणि उजेडाचा त्रास. असा डोळा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. दृष्टी जाण्याचा धोका असतो.

क्ष-किरण चित्र कोरे का येते?

हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे म्हणून येथे थोडा रेंगाळतो. क्ष-किरण शरीरातून जाताना किती शोषले जातात हे पदार्थातील अणूंच्या अणुक्रमांकावर फार अवलंबून असते, ढोबळमानाने त्याच्या घनावर. पाण्यातील ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, हाडातील कॅल्शियमचा २०. गुणोत्तर अडीच, अडीचचा घन साडेपंधराच्या वर. म्हणून हाडाची सावली ठळक पडते आणि मऊ भाग पुसट राहतात. दाह म्हणजे सूज, आणि सूज म्हणजे मुख्यतः पाणी. पाण्याच्या शेजारी थोडे जास्त पाणी साचले तर क्ष-किरणांना फरक कसा कळावा? दाहाने हाड कुरतडले किंवा नवे हाड उभे केले तरच चित्र बदलते, आणि त्याला काही वर्षे लागतात. कोऱ्या चित्राचा अर्थ "हाड अजून बदललेले नाही" एवढाच घ्यावा.

एम.आर.आय. हे यंत्र नेमके पाणीच पाहते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एक लहानसे चुंबकच. दीड टेस्ला क्षेत्राच्या चुंबकात, म्हणजे आपल्या भागातील पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक जोरदार क्षेत्रात, ही केंद्रके सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा भोवऱ्यासारखी डुलतात. त्याच वारंवारतेची रेडिओ लहर दिली की ती ऊर्जा घेतात आणि लहर थांबवली की परत देतात. परत येणाऱ्या संदेशावरून कोठे किती आणि कशा स्थितीतले पाणी आहे ते कळते. चरबीचा संदेश युक्तीने दाबून टाकला की हाडाच्या आतील सूज काळ्या पाटीवर खडूने लिहिल्यासारखी पांढरी उठून दिसते. क्ष-किरणात काही वर्षांनी दिसणारा रोग असा आधीच सापडतो. हे यंत्र तालुक्याच्या गावी नसते आणि तपासणी स्वस्त नाही, म्हणून कोणाला तेथवर पाठवायचे हे आधी लक्षणांवरूनच ठरवावे लागते.

रक्ताची एक चाचणीही बरीच बोलली जाते. १९७३ साली लंडनला ब्रुअर्टन आणि त्यांचे सहकारी, आणि स्वतंत्रपणे लॉस एंजेलिसला श्लॉस्टाइन, तेरासाकी प्रभृती यांनी एक चकित करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. लंडनच्या ७५ रुग्णांपैकी ७२ जणांच्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन सापडले. रोग नसलेल्या ७५ जणांत ते फक्त तिघांत होते. आज त्याला एच.एल.ए.-बी २७ म्हणतात. ते आईवडिलांकडून वारशाने येते, म्हणून घरात काका-मामा कोणी कमरेत वाकलेला असेल तर ते डॉक्टरांना सांगावे.

मग सगळ्यांची ही चाचणी करून टाकली तर? हिशेब मांडू. एक लाख वस्तीचा तालुका घ्या. समजा शेकडा ६ लोकांत हे प्रथिन आहे, म्हणजे ६,००० जण. समजा हजारी एकाला रोग आहे, म्हणजे १०० रुग्ण, आणि त्यांपैकी ९० जणांत प्रथिन आहे. सहा हजार 'होकारां'त खरे रुग्ण ९०, म्हणजे शेकडा दीड. बाकी ५,९१० लोक उगीच घाबरतील. आता फक्त ते तरुण घ्या ज्यांच्यात पहाटेचा ताठरपणा वगैरे खुणा आहेत. समजा अशा १०० जणांत १४ खरे रुग्ण आहेत. त्यांतले १३ होकार देतील. उरलेल्या ८६ जणांतले शेकडा ६ प्रमाणे ५. म्हणजे १८ होकारांत १३ खरे, शेकडा ७२! चाचणी तीच, रसायन तेच. फक्त आधी प्रश्न नीट विचारले म्हणून उत्तराचे वजन वाढले. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण रीत खरी आहे. गणिताच्या शिक्षकांनी संभाव्यतेच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे.

लोकसंख्येत खरोखर किती जणांचे सांधे दुखतात, हे दारोदार जाऊन मोजण्याचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण, ज्याला आता लोक रोहित पक्ष्यांसाठी ओळखतात, तेथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने घरोघर पाहणी सुरू केली. गावातले स्वयंसेवक शिकवून तयार केले आणि प्रश्नावली मराठीत केली. सुमारे १८ टक्के प्रौढांनी हाडे-स्नायू-सांधे यांचे दुखणे सांगितले. त्यांत ताठ कण्याचे रुग्ण अगदी मोजके होते. सुया थोड्या आणि गवताची गंजी मोठी, अशी ही स्थिती.

लहान वयात वेगळे रूप

माध्यमिक शाळेच्या वाचकांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. रोग सोळा वर्षांच्या आत सुरू झाला तर पुष्कळदा कंबर दुखतच नाही. दुखते ती टाच. सकाळी पहिले पाऊल टेकवताना टाचेत, मागे घोट्याची जाड कंडरा हाडाला मिळते तेथे, किंवा तळव्यात कळ येते. किंवा एक गुडघा, एक घोटा सुजतो. किंवा जांघेत दुखून मूल लंगडते. बहुधा पायच, बहुधा एका बाजूला जास्त. "खेळताना मुरगळला असेल" म्हणून महिना जातो. मुरगळलेला पाय दोन-तीन आठवड्यांत सुधारला पाहिजे; सूज सहा आठवडे टिकली तर मुरगळ हे उत्तर पुरे नाही.

वाढत्या वयातले पाय दुखणे निराळे. ते दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येते, चोळले की थांबते. सकाळी मूल उड्या मारत उठते. सांधा सुजत नाही, मूल लंगडत नाही.

आमच्या विदर्भात आणखी दोन गोष्टी डोळ्यांआड करता येत नाहीत. एक सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या भागांत या रक्तदोषाची मुले बरीच आहेत. त्यांची हाडे अचानक, असह्य दुखतात, खुब्याचे हाड रक्त न मिळाल्याने खराब होते. साध्या रक्तचाचणीने ते कळते. दुसरी गोष्ट फ्लोराइडची. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे दीड मिलिग्रॅमवर ते जाता कामा नये. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्याने अस्थिबंध चुन्यासारखे कडक होतात आणि कणा ताठतो; दिसायला हुबेहूब आपला हा रोग! पण तेथे गावातील अनेकांचे कणे ताठलेले असतात आणि दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात. एकाच घरात एकालाच झाले तर शरीराकडे पाहावे, सगळ्या गल्लीला झाले तर हापशाकडे.

आणि मणक्याचा क्षय. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम, पाठीत एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखणे, असे असेल तर एक आठवडाही थांबू नये. पायातली शक्ती जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, ही तर त्याच क्षणी रुग्णालय गाठण्याची लक्षणे.

टेपने मोजता येते

१९३७ साली शोबर या जर्मन डॉक्टराने एक सुटसुटीत मापन सुचवले. त्याचे आज वापरात असलेले सुधारित रूप सांगतो. मुलगा ताठ उभा राहिल्यावर त्या दोन खळ्यांना जोडणाऱ्या रेषेवर, कण्याच्या मधोमध, पेनने खूण करावी. तिच्या खाली ५ आणि वर १० सेंटिमीटरवर आणखी दोन खुणा. आता गुडघे न वाकवता जमेल तेवढे पुढे वाकायला सांगावे आणि वरच्या-खालच्या खुणांमधले अंतर पुन्हा मोजावे. १५ चे निदान २० सेंटिमीटर व्हायला हवे. वाकताना बोटे जमिनीला लागतात की नाही यावर जाऊ नये; ताठ कण्याचा माणूस नुसत्या खुब्यांतून वाकूनही बोटे टेकवू शकतो. खुणांमधली कातडी ताणली गेली का, हा खरा प्रश्न.

दुसरे मापन छातीचे. पूर्ण श्वास सोडून आणि पूर्ण घेऊन छातीचा घेर मोजावा. पाच सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. अडीचच्या खाली असेल तर फासळ्यांचे सांधे आखडले असण्याचा संशय घ्यावा. कॉनरच्या सांगाड्याचा मालक श्वास कसा घेत असेल, याचा विचार तुम्हीच करून पाहा. तिसरे, भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभे राहावे. डोके भिंतीला सहज टेकले पाहिजे.

प्रत्येक माप तीनदा घ्यावे आणि सरासरी काढावी. अर्धा सेंटिमीटर चूक टेपची नि हाताची धरून चालावे. माप कमी आले म्हणून रोग ठरत नाही, आणि रोगाच्या सुरुवातीला मापे अगदी नेहमीची येतात हेही खरे.

उपचाराबद्दल थोडक्यात. हा रोग मुळापासून घालवणारे औषध आजही नाही, पण तो लगाम घालून ठेवता येतो. रोजचा ताणाचा व्यायाम हा उपचाराचा पाया. पडून राहणे हा अपथ्य. दाहशामक गोळ्या पुष्कळांना एक-दोन दिवसांत आश्चर्यकारक आराम देतात, आणि तो आराम हीदेखील निदानाची एक खूण मानतात. पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. जठर आणि मूत्रपिंड यांना त्या इजा करतात. बाजारात पुडीतून मिळणारी निनावी पावडर तर घेऊच नये, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. गोळ्यांनी भागले नाही तर या शतकाच्या सुरुवातीपासून दाहाचे नेमके प्रथिन अडवणारी इंजेक्शने मिळतात. ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावी लागते, कारण शरीरात झोपलेला क्षय त्यांनी जागा होऊ शकतो. भारतातच ती बनू लागल्यापासून किंमत उतरली आहे, तरी साध्या घराला ती जडच. आणि बिडी. तेंदूपानाच्या आमच्या जिल्ह्यात हे सांगणे थोडे अवघड आहे, पण धूम्रपानाने या रोगात कणा लवकर सांधतो.

तीन महिन्यांहून अधिक काळ कंबर दुखत असेल आणि वर सांगितलेल्या खुणा जुळत असतील, तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पंधरा दिवस एक वही ठेवावी. दुखण्याने रात्री किती वाजता जाग आली, सकाळी अंग मोकळे व्हायला किती मिनिटे लागली, चालल्याने बरे वाटले की बसल्याने, कुल्ल्याची कोणती बाजू, टाच, डोळा. "कंबर दुखते" एवढेच ऐकलेला डॉक्टर गर्दीच्या वेळी गोळ्या लिहून देईल. "पहाटे साडेतीनला उठतो, पंचेचाळीस मिनिटांनी मोकळा होतो, सात महिने झाले" असे ऐकलेला डॉक्टर खुर्ची पुढे ओढून पुढचा प्रश्न विचारतो.